आवाज क्रमांक एक

गंगापूर रोड, नाशिक
१२ ऑगस्ट २०२४

शेखर,

चार मिनिटं बारा सेकंद. त्याचा हिशोब आधी देतो, म्हणजे शनिवारी तू नक्की काय बंद पाडलंस ते तुला कळेल. एकशे नऊ दिवस. ओमने काढलेली दोन हजार तीनशे चित्रं, त्यातली नऊशे तू सांगितलेल्या दुरुस्त्यांपायी फेकलेली. फुफ्फुसाचा रंग सात वेळा बदलला, कारण तुमच्या विभागप्रमुख मॅडमना तो आधी स्ट्रॉबेरी आइस्क्रीमसारखा वाटला आणि मग कच्च्या मटणासारखा. माझ्या चष्म्याचा नंबर पाऊणने वाढला. ओमचं लग्न दोनदा पुढे गेलं. मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा सध्या काय करतो, तर तो खरं बोलला की एका म्हाताऱ्याचा श्वास काढतोय. हे सगळं मिळून ती चार मिनिटं बारा सेकंद होतात. तू ती अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला थांबवलीस आणि पुन्हा सुरू केली नाहीस.

दरवेळी पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहितो, या वेळी ते हातचे राखून ठेवले आहेत. पंधरा मिनिटांवर राहणाऱ्या भावाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवतोय, कारण फोनवर तू "दादा, राउंडवर आहे" म्हणतोस, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं मला दहा मिनिटांनी खोडावंसं वाटेल. कागद एकदा पोस्टात पडला की पडला. पोचपावती जपून ठेवणार आहे.

काय झालं ते माझ्या बाजूने लिहितो. तुमच्या कॉलेजचा मोठा हॉल, दीडशे पोरं-पोरी पांढऱ्या कोटात, पुढच्या रांगेत मोठे डॉक्टर. पडद्यावर आमचे गेणूबाबा. ओमने काढलेला पागोटेवाला म्हातारा, छातीचा पिंजरा काचेचा, आत फुफ्फुसं उलट्या झाडासारखी हलतात. पुस्तकात चाळीस पानं वाचून जे कळत नाही ते पोरांना डोळ्यांनी दिसावं आणि त्याच क्षणी कानांनी ऐकू यावं, म्हणून तूच हा व्हिडिओ मागितलास. छातीचे सहा आवाज. एक नंबर निरोगी माणसाचा, बाकीचे पाच आजारांचे. होऊ घातलेल्या डॉक्टरांनी आधी निरोगी आवाज कानात बसवायचा, मग बिघाड ओळखायचा. कल्पना तुझी, आणि चांगली आहे, रागातही कबूल करतो.

पहिल्यांदा व्हिडिओ सरळ पार पडला. गेणूबाबा खोकताना पागोटं घसरतं तिथे पोरं हसली, शेवटी टाळ्या झाल्या. मी उठून नमस्कारही केला. मग सरावासाठी तू दुसऱ्यांदा लावलास, तेव्हा चौथ्या रांगेतली एक पोरगी उभी राहिली. किरकोळ अंगाची, एक वेणी. म्हणाली, "सर, एक नंबर नॉर्मल नाही वाटत. श्वास आत घेताना शेवटी शेवटी बारीक काहीतरी आहे."

पोरं हसली. मीही हसलो. तू हसला नाहीस. ओमला म्हणालास, मागे घ्या. पुन्हा. पुन्हा एकदा. मग डोळे मिटलेस, आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "ती बरोबर बोलतेय. हा आवाज निरोगी म्हणून शिकवता येणार नाही. व्हिडिओ परत."

परत. किडकी वांगी परत करतात तसं.

तुझी वहिनी शेवटच्या रांगेत बसली होती. दिराच्या कॉलेजात नवऱ्याचा व्हिडिओ म्हणून ठेवणीतली साडी नेसून आली होती. घरी येताना रिक्षात एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आशासारख्या बाईला दोन दिवस गप्प करणं सोपं काम नाही, ते तू करून दाखवलंस.

आता कानांचं. मी मालेगावात बाराव्या वर्षी मागांच्या कारखान्यात कांड्या भरायला बसलो. चोवीस माग एकदम चालायचे, शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. त्यात मी मागांकडे पाठ करून बसलेला असताना सांगायचो, सात नंबरचा धागा तुटला. मालक आलेल्या व्यापाऱ्यांशी माझ्यावर पैज लावायचा आणि जिंकायचा. पुढे कळवणला लग्नांत स्पीकर लावले. मांडवाच्या दारात उभा राहून सांगायचो की मागचा डावा भोंगा फाटलाय. अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी काढल्या, निवडणुकीच्या घोषणा भरून दिल्या, तेव्हा कुठे नाशकात हा स्टुडिओ झाला. शाळा सातवीपर्यंत. जे काही झालं ते या दोन कानांवर झालं. आजवर माझ्या कानांतून एक आवाज सुटलेला नाही, आणि हे मी कुठल्याही स्टेथोस्कोपवाल्यासमोर म्हणायला तयार आहे. आता एक वेणीवाली पोरगी मला ऐकायला शिकवणार.

आवाज क्रमांक एक आपल्या ओळखीच्या चंदरचा आहे. फॉर्मवर त्याचं नाव आहे, सही आहे, आणि छाती तू स्वतः तपासून दिली होतीस. धडधाकट माणूस आहे ते. भाजीच्या भरलेल्या पिशव्या घेऊन रोज तीन मजले चढतं. दुसऱ्या मजल्यावर जरा टेकतं, पण आमची लिफ्ट बंद असली की कोण टेकत नाही.

पुढच्या शनिवारच्या आत व्हिडिओ पुन्हा दाखव आणि त्या हॉलमध्येच दाखव.

मोतीराम


गंगापूर रोड
२१ ऑगस्ट २०२४

शेखर,

पोचपावती आली. सही डॉक्टरची असून वाचता येते, म्हणून आधी शंका आली, पण तुझीच आहे.

उत्तर मात्र तू फोनवर दिलंस, एका ओळीत. "दादा, चंदरला बोलावून पुन्हा तपासलं. छाती स्वच्छ आहे. मग तो आवाज कुणाचा?" एकदा नाही, चारदा. चौथ्या वेळी पुढे जोडलंस, "ज्याचा असेल त्याच्या फुफ्फुसाला काहीतरी झालंय. त्याला लवकर तपासायला हवं. फॉर्मचं आपण बघू."

फॉर्मचं आपण बघू. हे वाक्य मी पन्नास कचेऱ्यांत ऐकलंय. असं म्हणणारा आधी चहा मागवतो आणि मग कागद पुढे सरकवतो. मला सगळं दिसतंय. पुढचे अकरा व्हिडिओ व्हायचे आहेत, पोट, हृदय, गुडघा. तुमच्या मॅडमना ते पुण्याच्या कुठल्या तरी कंपनीकडून करून घ्यायचे आहेत, जिथली पोरं इंग्रजीत सॉरी म्हणतात. मी लिहून दिलं की फॉर्म खोटा आहे, की झालं काम. आणि ते लिहून घ्यायला माझा सख्खा भाऊ.

ठीक आहे. चंदरचा नाही.

चंदर आला होता, मे महिन्यात, ठरल्या वेळी. शर्ट काढला तर आत अस्वल. मी स्टेथोस्कोपच्या नळीत कॉलर माइक बसवून जे यंत्र बनवलंय ते छातीला लावलं, तर प्रत्येक श्वासाबरोबर खर्र खर्र. केसांवर चकती घासली की तसंच होतं. तू ते पुस्तकात वाचलं असशील, मी कानाने शोधलं. पाणी लावून पाहिलं, खोबरेल लावून पाहिलं. शेवटी म्हटलं, चंदर, भादरू या. तर म्हणतो, "मोतीदादा, रविवारी मेहुण्याच्या हळदीत उघड्या अंगाने नाचायचंय. गावात तोंड दाखवू का छाती लपवू?" आणि शर्ट घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या मॅडमना आवाजांची फाइल हवी होती. मी जवळ होतं ते माणूस बसवलं. पाच मिनिटांचं काम. फॉर्म चंदरच्या नावाने भरलेला होता, तो तसाच दिला. एवढाच माझा गुन्हा. आणि तो लपवायला चंदरला मीच सांगितलं, त्याच्यावर चिडू नको.

ते माणूस कोण, ते सांगणार नाही. ते माझ्या शब्दावर स्टुलावर येऊन बसलं होतं, त्याला मी तुमच्या चौकशीत ओढणार नाही. त्याला काही झालेलं नाही. झालं असतं तर मला कळलं असतं.

तुला कळवणची खोली आठवते का? मी एका कोपऱ्यात अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसायचो, तू दुसऱ्या कोपऱ्यात कानांत कापूस घालून बारावीचं वाचायचास. तुझी वहिनी नवी नवरी. स्वतःच्या ताटातली भाकरी तुझ्या ताटात सरकवायची आणि म्हणायची, मला भूक नाही, भाऊजी. तू खायचास. मी काही बोलायचो नाही, पण तिच्या पोटातला आवाज मला खोलीच्या या टोकाला ऐकू यायचा. असे कान आहेत हे. ते तू दीडशे पोरांसमोर उपटलेस.

बाकी घरी ठीक. वहिनीला मेपासून कोरडा खोकला आहे, खास काही नाही. रेकॉर्डिंग चालू असताना माइकमध्ये येतो म्हणून दुपारी तिला खाली वत्सलाबाईंच्या दुकानात बसायला पाठवतो. कबुतरांचाही तोच ताप. एसीच्या डब्यामागे त्यांनी तीन पिढ्यांचा संसार मांडलाय. दिवसभर एवढं घुटुर्र घुटुर्र चालतं की ओम म्हणतो, काका, यांची नावं पण शेवटी टाका पडद्यावर. वहिनी रोज ती वाळलेली घाण खरवडते, पिसं गोळा करते, आणि वर त्यांना मूठभर ज्वारीही टाकते. हाकलायचं तिनेच, जेवायला घालायचं तिनेच.

काल म्हणाली, "भाऊजींना सांगून टाका ना, काय ते." मी म्हटलं, तू यात पडू नको. नाही पडली.

पाचव्यांदा विचारू नकोस.

मोतीराम


गंगापूर रोड
३ सप्टेंबर २०२४

शेखर,

त्या पोरीला तूच पाठवलंस असं समजून मी काल दार उघडलं होतं. ती नाही म्हणते. आता तिचं खरं मानतो, पण का, ते पुढे येईल.

दुपारी चारला बेल वाजली. दारात ती, पाठीला पिशवी, घामाघूम, कारण लिफ्ट बंद. म्हणाली, "सर, मी दिशा. तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही मूळचे कळवणचे. माझ्या आत्याच्या लग्नात तुमचेच स्पीकर होते."

म्हटलं, "मग? फाटला होता का एखादा?"

"नाही. पण नवरदेवाच्या मामांनी भाषण फार लांबवलं. तेव्हा फाटला असता तर बरं झालं असतं."

हिच्यावर राग धरणं अवघड होतं. तरी मी धरला. आत घेतलं, बसवलं, आणि विचारलं, "दीडशे जणांत तुलाच बरं ऐकू आलं?"

"मलाही आधी नाही आलं, सर. पहिल्यांदा सगळ्यांसारखं मलाही नॉर्मलच वाटलं. मग तुमचा चार नंबर आला. त्या बाबांच्या फुफ्फुसाच्या खालच्या फांद्या चिकटलेल्या असतात आणि श्वास आत आला की एकेक सुटते, चिकटपट्टी हळू काढल्यासारखी. तिथेच तो आवाज. वॉर्डमध्ये सहा महिने मला तो कळत नव्हता. सर म्हणायचे, ऐकू आलं? मी मान हलवायची. खोटं. तुमच्या व्हिडिओत फांदी सुटताना दिसली तेव्हा पहिल्यांदा कळला. मग दुसऱ्यांदा एक नंबर लागला, तर त्यातही तोच. फार बारीक, पण तोच."

म्हणजे शेखर, व्हिडिओ चालला. ज्या कामासाठी केला होता ते काम त्याने एका बैठकीत केलं, आणि शिकलेली पहिली पोरगी माझ्यावरच उलटवली. एकशे नऊ दिवसांत इतकी चांगली दाद मला कुणी दिली नव्हती, आणि ती घेताना त्या पोरीला हाताला धरून जिन्यापर्यंत सोडून यावंसं वाटत होतं.

तुझी वहिनी चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता तिला खोकल्याची उबळ आली. पोरीने उचललेला कप परत बशीत ठेवला.

"काकू, कधीपासून आहे खोकला?"

"काही नई शे, धूळ शे." घाईत असली की वहिनी अजून माहेरची अहिराणी बोलते.

"जिना चढताना दम लागतो?"

"लागतोच की गं. पन्नाशी आली."

"बघू हात तुमचा." आणि हात घेऊन नखांकडे बघत राहिली, बाजूने, वरून. बोटांची टोकं दाबून पाहिली. मी म्हटलं, "बांगड्यांचं माप घेतेस का?" ती हसली नाही. पिशवीतून स्टेथोस्कोप काढला. तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "इथे दवाखाना नाही. तिकडे व्हिडिओ नापास केलात, आता घरी येऊन माणसंही नापास करणार?"

तिने स्टेथोस्कोप गुंडाळून ठेवला. चहा पूर्ण प्यायली, कारण कळवणची आहे, टाकून उठणार नाही. दारात चपला घालताना म्हणाली, "सर, तो आवाज कुणाचा ते तुम्हाला माहीत आहे. मला नाही. मी रोज वॉर्डमध्ये त्या माणसाला शोधते."

ती गेल्यावर मी बराच वेळ बडबडत होतो. तू, तुझ्या मॅडम, पुण्याची कंपनी, आजकालची पोरं, सगळ्यांना घेतलं. वहिनी कपबश्या उचलत होती. म्हणाली, "ती परत आली तर मला तपासू द्या."

"तुला काय झालंय?"

"मला काय झालंय ते दीडशे पोरांनी ऐकलंय. मी मागेच बसले होते. माझ्या पुढच्या दोघी एकमेकींना विचारत होत्या, हा माणूस कोण असेल गं, त्याला माहीत असेल का. माझे गुडघे त्यांच्या खुर्चीला लागत होते."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"कागदावर चंदरचं नाव होतं ना. मी उठून म्हटलं असतं की माझा आहे, तर तुम्ही खोटे पडला असता. एवढ्या लोकांत. भाऊजींसमोर."

एवढं बोलली आणि कपबश्या धुवायला गेली. नळाचा आवाज, मग खोकला, मग पुन्हा नळ.

तेवीस दिवस ती हे घेऊन घरात वावरली. भाज्या आणल्या, कबुतरांची घाण काढली, आणि माझं रेकॉर्डिंग बिघडू नये म्हणून पदर तोंडात धरून खोकली. मी तिला दुपारची खाली पाठवत होतो आणि वाटत होतं की मोठी युक्ती केली.

आता कुणावर चिडू ते सांग. तुझ्यावर चिडणं सोयीचं होतं, पंचवीस वर्षांची सवय आहे. त्या पोरीवर चिडायला गेलो तर तिने चहा संपवला. कबुतरांवर ओरडलो तर ती डब्याच्या या टोकावरून त्या टोकाला जाऊन बसली.

तू चारदा विचारलंस. आवाज क्रमांक एक तुझ्या वहिनीचा आहे.

उद्या सकाळी नऊला तिला घेऊन येतोय. राउंडवर असलास तरी राउंड सोडून ये. हे पत्र पोस्टाने नाही, तुझ्या क्वार्टर्सच्या वॉचमनकडे देतोय. फोन करणार होतो, पण माझा आवाज बरोबर लागत नव्हता, आणि तू तो ओळखला असतास.

मोतीराम


गंगापूर रोड
२० सप्टेंबर २०२४

शेखर,

वहिनी तुझ्याकडे राहायला आली त्याला आज बारा दिवस झाले. कालच्या फोनवर म्हणाली की भाऊजींच्या घरी एकही कबूतर नाही, फार सुनं वाटतं. तिला सांग की इथलीही गेली. एसीचा डबा काढला, मागे जाळी मारली, तोंडाला मास्क लावून मी आणि ओमने तीन गोण्या घाण आणि पिसं उतरवली. स्टुडिओसाठी खाली तळमजल्यावर गाळा बघतोय. जिना नको तिला.

माझा राग गेलेला नाही, फक्त त्याला जागा मिळत नाहीये. त्या दिवशी तू तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावलास आणि डोळे मिटलेस. हॉलमध्ये मिटले होतेस, अगदी तसेच. मला तिथेच कळलं, तुझ्या सीटी स्कॅनची गरज नव्हती. मग स्कॅन आला आणि तू समजावून सांगितलंस, कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं आत गेली, खालच्या भागात व्रण पडलेत. ते व्रण आता जाणार नाहीत. बाकीचं गोळ्यांनी आणि धुळीपासून लांब ठेवून वाचवता येईल. किती वाचेल ते सहा महिन्यांनी कळेल. हे सगळं तू सांगितलंस, आणि मला एक शब्द बोलला नाहीस. दादा, फॉर्म खोटा का दिला, नाही. चारदा विचारलं तेव्हा का नाही सांगितलं, नाही. तू बोलला असतास तर मी उलट बोललो असतो, आणि आपण दोघं बरे झालो असतो. तू माझ्यासाठी कँटीनमधून इडली मागवलीस. तो राग मी कुठे ठेवू?

आणि त्या पोरांचं. तू दिशाला बोलावलंस, तिच्याबरोबर आणखी तिघं आली, आणि चौघं पलंगाशी लाजून उभी. तेव्हा वहिनीच म्हणाली, "या, ऐका. लाजताय कशाला? तुम्ही ऐकलाय आधी." दिशाने चकती लावली, आणि तिचा चेहरा बघून बाकीच्यांनी मान खाली घातली. एकेकाने ऐकलं. शेवटच्या पोराला ऐकू येईना, तर वहिनी त्याला म्हणाली, "थांब, मोठा श्वास घेते," आणि घेतला, आणि खोकली, आणि पुन्हा घेतला. तो हो म्हणेपर्यंत. मी दाराबाहेर येऊन उभा राहिलो.

व्हिडिओ पुन्हा बांधतोय. एक नंबरला आता ओम बसलाय. तू त्याला तपासून दिलंस, मी फॉर्म त्याच्याच नावाने भरला, दोनदा वाचला. छाती हातासारखी गुळगुळीत आहे त्याची. सहांच्या पुढे सातवा आवाज वाढवलाय, तो वहिनीचा. या वेळी सही तिने केली, आणि अट घातली की शेवटच्या नावांत चंदरचं काढून तिचं टाकायचं. चंदर म्हणतो, मला चारचौघांत तेवढंच सांगायला होतं.

सोमवारी तू विचारलंस की मेमधलं मूळ रेकॉर्डिंग आहे का, गोळ्या सुरू होण्याआधीचा आवाज तुला तुलनेला हवा. मी म्हटलं, शोधतो. शोधायचं काही नव्हतं. माझी कुठलीच फाइल हरवत नाही. पाठवायला चार दिवस लागले ते वेगळ्या कारणाने, आणि ते तोंडाने सांगता येणार नाही म्हणून हे पत्र.

त्या दिवशी चंदरच्या केसांनी दुपारपर्यंत माझं डोकं उठवलं होतं. मग मी वहिनीला स्टुलावर बसवलं. तिने नवी सुती साडी नेसली होती, खळ न गेलेली. पाठीला खाली चकती लावली. हेडफोन माझ्या कानांना. श्वास आत गेला की शेवटी शेवटी बारीक चरचर. मी म्हटलं, झालं, केस गेले आणि खळ आली. पदर सरकवला, चकती हलवली, चरचर जागची हलेना. तिला म्हटलं, "हलू नकोस गं." ती म्हणाली, "मी हलतच नाहीये."

मग मी कॉम्प्युटरवर बसलो. मागची कबुतरं काढली. साडीची खळ म्हणून ती चरचर निवडली आणि दाबली, परत दाबली, पडद्यावर तिची रेघ जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत दाबली. चांगलं काम झालं होतं. हौसेने तिला बोलावून ऐकवलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "माझा श्वास एवढा छान आहे?"

त्या पोरीने दीडशे जणांत ओळखलं ते माझ्या हातून पुसून उरलेलं होतं.

वहिनीला ही फाइल ऐकवायची की नाही ते तू ठरव. ती विचारेल.

मागचे राखून ठेवलेले आशीर्वाद या पत्रात सगळे एकदम आले असं धर.

तुझा दादा,
मोतीराम

ता. क. पेनड्राइव्ह पाकिटातच चिकटवला आहे. फाइलवर तारीख १७ मे आहे. तिच्यातून काहीही काढलेलं नाही. चरचर हेडफोन न लावताही ऐकू येते.